कै. कॅप्टन क्रियाडो यांच्या पत्नी

माझ्या हस्ताक्षराचं आमच्या ऑफिसात फार कौतुक होतं. उपनगरातल्या माजी सैनिकांची नोंद ठेवणारं ते एक लहानसं सरकारी ऑफिस, अंधेरीत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. तिथे मी जन्मभर कारकुनी केली. माझ्या हातून कधी फाइल हरवली नाही, कागदावर डाग पडला नाही. लोकांनी चुकीचे भरलेले फॉर्म मी लाल पेनने इतके सुबक दुरुस्त करायचो, की आमचे वरिष्ठ ते नव्या पोरांना दाखवायचे. ब्रिजेट क्रियाडो नावाच्या एका अविवाहित बाईंना मी त्याच लाल पेनने विधवा करून टाकलं.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या असतील. उंच, सावळ्या, गुडघ्याखाली येणारा निळा फ्रॉक, पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. वर्सोव्याच्या जुन्या गावठाणातलं ख्रिश्चन घर. मराठी आमच्यासारखंच, फक्त रागावल्या की 'मला'चं 'मना' व्हायचं. आमच्याकडे दोन फॉर्म असायचे. पांढरा माजी सैनिकांचा, पिवळा त्यांच्या विधवांचा. खिडकीवर बाई दिसली की माझा हात आपोआप पिवळ्या गठ्ठ्याकडे जायचा.

"हा माझाच ना?" त्यांनी विचारलं.

"हो हो, बायकांचा हाच," मी म्हणालो. वर मानसुद्धा केली नाही.

त्यांनी तो उभ्याउभ्याच भरला. सैनिकाचे नाव, कॅप्टन बी. क्रियाडो. अर्जदाराचे नाव, ब्रिजेट क्रियाडो. 'सेवासमाप्ती अथवा निधनाची तारीख' असा एकच रकाना होता, त्यात तारीख. आणि 'सैनिकाशी नाते' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'स्वतः'. मला हसू आलं. गावाकडून आलेल्या बायका असं काहीबाही लिहायच्या, कोणी नात्याच्या रकान्यात 'चांगले' असंही लिहिलेलं मी पाहिलंय. मी 'स्वतः'वर एक सरळ रेघ मारली, वर 'पत्नी' लिहिलं आणि बाजूला बारीक सही केली. मदत केली असंच मला वाटलं होतं, खरं सांगतो.

पुढे त्या दोन-तीन महिन्यांनी येत राहिल्या. सैनिकांसाठी घरांची एखादी योजना निघते का, एवढंच त्यांना हवं असायचं. त्यांचा बाकावर बसण्याचा एक प्रकार होता, पाठ टेकायची नाही, पर्स मांडीवर, दोन्ही पाय जुळवून. शेजारी कोणी पोक काढून बसला की त्याच्या पाठीत बोटाने टोचायच्या. हातात कागद आला की आधी त्याचे चारही कोपरे एकाला एक जुळवायच्या, मगच वाचायच्या. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायचं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायची, ही त्यांची आणखी एक खोड. आमच्या वरिष्ठांचीही मोजली होती. "साहेब, जिने चढून येत जा, लिफ्ट बंद करा," असं त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं. ते बिचारे त्या दिवसापासून बाई आल्या की आतल्या खोलीत जायचे.

मला त्या दुसऱ्या भेटीपासूनच 'अरे सावंत' म्हणायला लागल्या. "अरे सावंत, नखं बघ तुझी. या हाताने डबा खातोस?" मी हात टेबलाखाली घ्यायचो. बायकोचं ऐकलं नाही ते या बाईंचं ऐकून मी दर रविवारी नखं कापू लागलो.

एकदा मे महिन्यात रांगेत उभा असलेला एक म्हातारा हवालदार धाडकन पडला. आम्ही सगळे खुर्च्या मागे सारून उभे राहिलो आणि एकमेकांकडे बघू लागलो. ब्रिजेटबाई बाकावरून उठल्या. आवाज चढवला नाही, पण पुढची दहा मिनिटं ते ऑफिस त्यांचं होतं. "तू पंखा इकडे वळव. तू पाय वर धर. तू, निळा शर्ट, गर्दी बाहेर काढ. सावंत, साखर." वरिष्ठांना त्यांनी पाणी आणायला पिटाळलं आणि ते गेलेही. हवालदाराने डोळे उघडले, या बाई आपला खांदा कसा धरतायत ते बघितलं, आणि पडल्या पडल्या हात कपाळाकडे न्यायची धडपड करू लागला.

"मॅडम, मिलिट्री हॉस्पिटल?" त्याने विचारलं.

"लेटे रहो," बाई म्हणाल्या. "दहा साल. कॅप्टन थी."

माझ्या हातातली साखरेची बरणी तिथेच राहिली. लष्करात नर्स ही अधिकारी असते, तिला रँक असते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. कधी डोक्यात आलं नाही, इतकंच. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी रजिस्टर काढलं. पत्नी. माझं वळणदार अक्षर. एव्हाना सगळी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढली होती आणि तिथे त्या एकाच रकान्यातली तारीख 'निधन' या सदरात जाऊन बसली होती. ज्या दिवशी बाईंनी नोकरी सोडली, त्या दिवशी सरकारदरबारी कॅप्टन क्रियाडो वारले होते. मी मशीन बंद केलं आणि घरी गेलो. म्हटलं, कोणाचं काय बिघडतंय?

बिघडत होतं. कॉम्प्युटरच्या यादीवरून आता दरवर्षी विधवांच्या सत्काराचं बोलावणं त्यांना जायला लागलं आणि त्या यायच्या. बोलावण्यावर नुसतं 'भगिनी सत्कार' छापलेलं असायचं, त्यामुळे त्यांना वाटायचं, लष्करातल्या बायकांचा कार्यक्रम आहे. छातीवर दोन मेडल लावून, पांढरी साडी नेसून रांगेत उभ्या राहायच्या. पाहुण्यांनी नारळ आणि साडी दिली की कडक मान तुकवायच्या. पहिल्या वर्षी खाली उतरल्यावर मला म्हणाल्या, "काय रे, सगळ्यांना साड्याच? आणि इतक्या बायका होत्या सर्व्हिसमध्ये, मला एकही कशी ओळखीची दिसत नाही?" मी चहा आणायच्या निमित्ताने सटकलो. मेडल उजव्या बाजूला लावा असं एका संयोजकाने त्यांना सांगितलं होतं, कारण घरच्यांनी मेलेल्या माणसाची मेडल उजवीकडे लावायची असतात. बाईंनी त्याची नाडी मोजली.

घर त्यांना का हवं होतं ते मला वर्सोव्याला गेल्यावर कळलं. कसली तरी सही राहिली होती म्हणून मी गेलो होतो. खाडीच्या बाजूला, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात, त्यांच्या वडिलांचं दुमजली घर. वडील गेले, भाऊ गेला, आता घर भाच्याचं, म्हणजे भावाच्या मुलाचं, ग्लेनचं. बाईंची जागा जिन्याखाली. फळी मारून केलेली खोली, तिला खिडकी नव्हती. एक लोखंडी खाट, तिच्यावरची चादर इतकी ताणलेली की सुरकुती म्हणून नाही, आणि खाटेखाली काळी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, कॅप्टन बी. क्रियाडो. माझ्या डोक्यावरून जिना चढत कोणीतरी गेलं आणि वरून बारीक माती पडली. बाईंनी ती चादरीवरून हाताने झटकली, बोलणं न थांबवता.

ग्लेन वाईट मुलगा नव्हता. "अंकल, बिल्डरचं फायनल झालंय," तो मला दारात म्हणाला. "ती नन्स लोकांच्या होममध्ये जायला तयार नाही. आता मी काय करू सांगा. तिच्या नावावर पेपरच नाही यार."

"माझं नाव लष्कराच्या कागदावर आहे," बाई आतून म्हणाल्या. "पुरे आहे."

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं तेव्हा सरकारने सैनिकांच्या विधवांसाठी दहिसरला काही घरं राखून ठेवली. यादी कॉम्प्युटरने काढली. त्यात बाईंचं नाव होतं. पत्र हातात घेऊन त्या आल्या. चार कोपरे जुळवायला विसरल्या होत्या.

"सावंत, यात चूक आहे. हे बघ. कै. कॅप्टन बी. क्रियाडो यांच्या पत्नी. कैलासवासी कोण? मी?"

मी त्यांना सगळं सांगितलं. पिवळा फॉर्म, लाल पेन, सगळं. त्यांनी पत्र टेबलावर ठेवून त्याचे चारही कोपरे जुळवले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग दुरुस्त कर," त्या म्हणाल्या. "तूच केलंस ना? तूच दुरुस्त कर."

विधवेची नोंद काढून टाकायचा फॉर्म आमच्याकडे होता. त्यात कारणं छापलेली होती, दोन. 'पुनर्विवाह' आणि 'मृत्यू'. एकावर खूण केल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नव्हता. वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला समजावलं. समजा नोंद दुरुस्त झाली. मग बाई पांढऱ्या फॉर्मवर येणार. पण त्यांची नोकरी अल्पमुदतीची, पेन्शन नाही, त्यामुळे त्या योजनेच्या व्याख्येत 'माजी सैनिक' म्हणून बसतच नाहीत. घर जाईल. शिवाय इतकी वर्षं विधवा म्हणून लाभ घेतला याची चौकशी लागेल. "आणि सावंत," ते म्हणाले, "चौकशी लागली की सही कोणाची आहे ते आधी बघतात."

मी बाहेर आलो. बाई बाकावर बसल्या होत्या, पाठ न टेकता.

"म्हणजे मी मेले असेन तर घर," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "आणि जिवंत असेन तर जिन्याखाली."

"तसं नाही मॅडम..."

"तसंच आहे. काय तसं नाही?"

पुढचे पंधरा दिवस त्या रोज आल्या. वरच्या ऑफिसात गेल्या, तिथून त्याच्या वरच्या ऑफिसात. सगळीकडे त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि साहेब कुठल्या पलटणीत होते असं विचारलं. एका ठिकाणी त्यांनी सेवेचं मूळ प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. तिथल्या माणसाने ते नीट वाचलं आणि म्हणाला, "वा. जपून ठेवलंत हो त्यांचं." हे सांगताना बाई हसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मना काय कळत नाय रे सावंत. माझा फोटो आहे त्याच्यावर."

घरासाठीच्या प्रतिज्ञापत्रावर विधवा म्हणून सही करा, असं मी त्यांना सांगितलं. हे मला स्पष्ट लिहायला हवं. रोज सांगितलं. घर महत्त्वाचं, नावात काय आहे, ग्लेन महिनाअखेर सामान बाहेर ठेवणार, तुमच्या वयाला आता दगदग झेपत नाही. सगळं खरं होतं. आणि मला माझ्या सहीची भीती वाटत होती, हेही खरं होतं. कोणतं किती, ते मला आजही वेगळं करता येत नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्या आल्या. प्रतिज्ञापत्र मीच टाइप करून ठेवलं होतं. मी, ब्रिजेट, कै. कॅप्टन बी. क्रियाडो यांची विधवा, असे सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की मी पुनर्विवाह केलेला नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"हे मेले कशाने रे?"

"मॅडम, तो रकाना नाहीये."

"चला. एक खोटं कमी."

त्यांनी पेन उघडलं. त्यांची सही मी इतक्या वेळा पाहिली होती, कित्येक वर्षं तर न वाचताच. आधी 'कॅप्टन', मग टिंब, मग एका झटक्यात नाव. पेनचं टोक कागदाला लागलं आणि मी म्हणालो, "मॅडम, कॅप्टन नका लिहू."

त्यांचा हात थांबला. खिडकीवर कोणीतरी दाखल्यासाठी घाई करत होतं. बाईंनी पेन तसंच धरून ठेवलं होतं, आणि मला वाटलं आता या उठतील, कागद फाडतील, माझ्या तोंडावर फेकतील. मला तसं व्हायला हवं होतं. त्यांनी नुसतं नाव लिहिलं. पहिल्यांदा सही शिकणाऱ्यासारखं एकेक अक्षर लावून लिहिलं, आणि पेनचं टोपण लावून ते मला परत दिलं.

दहिसरचं घर चांगलं आहे. अकरावा मजला, दोन खिडक्या, खाली नदी दिसते. मजल्यावर सगळी घरं सैनिकांच्या विधवांची. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या बायका, एक नाशिकची. बाईंनी राहायला जायच्या आधी ट्रंकेवरचं नाव काळ्या रंगाने मारून टाकलं. मेडल कुठे ठेवली मी विचारलं नाही. दर वर्षी त्यांना लिहून द्यावं लागतं की परिस्थितीत काही बदल नाही. बदल कळला तर घर परत घेतात, असं त्या कागदावर तळाशी बारीक अक्षरात आहे.

मी जवळच, नदीच्या अलीकडे चाळीत राहतो. निवृत्त झाल्यावर महिन्यातून एकदा जायचो. गेलो की त्या आधी नखं बघायच्या. पण दार उघडं असेल आणि मजल्यावरच्या कोणी डोकावल्या तर त्यांचं बोलणं बदलायचं. शेजारणींना साहेबांबद्दल उत्सुकता होती. सगळ्या आपापल्या नवऱ्यांबद्दल बोलायच्या, मग या एकट्या गप्प कशा बसणार? सुरुवातीला त्या विषय टाळायच्या. मग हळूहळू साहेब तयार झाले. साहेबांना चहा बिनसाखरेचा लागायचा. साहेब पाचला उठायचे. साहेबांना चादरीवर सुरकुती खपायची नाही. एकदा साताऱ्याच्या वहिनी मला म्हणाल्या, "कडक होते हो यांचे मिस्टर. पण माणूस लाखात एक असणार." मी हो म्हणालो. एवढं एकच वाक्य मी त्या घरात मनापासून बोललो असेन.

"तुम्ही इथे सुखात आहात ना?" मी एकदा विचारलं.

"वरून माती पडत नाही," त्या म्हणाल्या. "खिडक्या दोन आहेत. अजून काय पाहिजे माणसाला?" मग खिडकीपाशी गेल्या. "फक्त या घरात मी पाहुणी आहे रे. त्याचं घर आहे हे."

या वर्षी सव्वीस जानेवारीला त्यांच्या सोसायटीत झेंडावंदनाला मलाही बोलावलं होतं. मी मागच्या रांगेत बसलो. सेक्रेटरींनी माइकवर जाहीर केलं, की आपल्या भगिनींपैकी श्रीमती क्रियाडो आज आपल्या पतीच्या आठवणी सांगतील. टाळ्या झाल्या. बाई उठल्या. थकल्या होत्या, पण चाल तीच. माइक त्यांनी आपल्या उंचीला लावून घेतला.

त्यांनी डोंगरातल्या एका हॉस्पिटलची गोष्ट सांगितली. साहेब तिथे होते. थंडी अशी, की सलाइनच्या बाटल्या गोठायच्या. साहेब त्या बाटल्या कोटात, काखेत धरून बसायचे, ऊब यावी म्हणून. एका दिवशी चौदा जखमी मुलं आली. एकाचं वय एकोणीस. त्याचे डोळे मिटायला लागले की साहेब त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचे, नाव सांग. झोपायचं नाही. नाव सांग. नंबर सांग. तो सांगायचा, थांबायचा, साहेब परत विचारायचे. सकाळपर्यंत त्याने शेकडो वेळा आपलं नाव सांगितलं. तो वाचला.

सेक्रेटरी डोळे पुसत होते. मी मागे बसून वाट बघत होतो. म्हटलं, आता तरी एकदा चुकून 'मी' म्हणतील. इतकं बोलतायत, एकदा तरी जीभ घसरेल. घसरावी असं वाटत होतं आणि घसरू नये असंही. त्या शेवटपर्यंत एकदाही चुकल्या नाहीत.

खाली उतरल्यावर एक मुलगी पुढे आली. कॉलेजात असेल, एनसीसीचा खाकी ड्रेस, टोपीवर लाल तुरा. तिने बाईंना सॅल्यूट ठोकला. बाईंचा उजवा हात फ्रॉकपासून जेमतेम वीतभर वर आला. मग त्यांनी तो पर्सच्या पट्ट्यावर ठेवला.

"आजी, मला पण मिलिटरी नर्सिंगला जायचंय," मुलगी म्हणाली. "तुम्ही कधी गेला होतात का हो तिकडे? ते हॉस्पिटल बघितलंत का तुम्ही?"

बाईंनी तिचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघितलं. मोजून होईपर्यंत मुलगी गोंधळून उभी होती.

"नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "मी घरीच असायची."